दहाव्याचं तिकीट

मी गेल्याची बातमी मोहितने दुपारी गावाच्या ग्रुपवर टाकली. मी तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये होते, आणि ॲम्ब्युलन्स वारूळवाडीच्या अलीकडे टोमॅटोच्या गाड्यांमागे अडकली होती.

मोहित वाईट मुलगा नाही. माझ्या पुतण्याचा, दादाभाऊचा तो मुलगा. नारायणगावात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, बारसं, दशक्रिया, सगळ्यांचे बोर्ड तोच करतो. आमच्याकडे माणूस गेलं की आधी फोटो, नाव, घाट आणि वेळ मोबाईलवर फिरते, मग रडारड. पावणे डोंगरातून, खालच्या अंगाने, कुठून कुठून यायचे असतात. वेळ लवकर कळलेली बरी असते.

डॉक्टरांनी दादाभाऊला सांगितलं होतं की आता आजींना घरी न्या. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. दादाभाऊने दवाखान्यातून दुकानात फोन केला, "आजीला घरी न्हेतोय. पावण्यांना कळव." मोहितने चित्र आधीच करून ठेवलं होतं, फक्त वेळ भरायची होती. त्याने दुपारी चार भरली, मीना नदीचा घाट लिहिला आणि पाठवून दिलं.

"पाऊस व्हता आजी, रस्ते खराब," तो मला नंतर म्हणाला. "म्हटलं लोकं पोचंपर्यंत..."

मी पुढचं विचारलं नाही.

फोटो त्याने त्याच्या बहिणीच्या, रुपालीच्या लग्नातला घेतला होता. माझ्या शेजारी त्याची आई मंगल उभी होती, तिला कापून काढलं होतं. पण तिचं कोपर राहिलं. माझ्या खांद्याला लागून हिरव्या बांगड्यांचा एक हात, खाली झेंडूची फुलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी तो फोटो नंतर पाहिला. बरा आला होता.

संध्याकाळी मला जाग आली तेव्हा मंगल ट्रेमधून चहाचे कप बाहेर नेत होती. पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि पांढऱ्या टोप्या दिसत होत्या.

"कोण आलंय गं?" मी विचारलं.

मंगल जागीच थांबली. "पावणे आल्यात," ती म्हणाली.

"कुणाकडे?"

"तुमच्याकडंच की, आत्या."

मग तिने ट्रे खाली ठेवला आणि भिंतीला धरून बसली.

मला काय वाटलं हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. अंगावर गोधडी होती आणि ती जड लागत होती, एवढंच कळत होतं. लोक एकेक करून आत आले, दारातून माझ्याकडे बघून गेले. काहींच्या हातात हार होते. ते कुठे ठेवायचे हे कुणाला सुचेना. शेवटी मंगलने घेतले आणि देवाच्या फोटोंना घातले. फोटो कमी पडले.

माझा धाकटा भाऊ सोमाजी सगळ्यात उशिरा पोचला. आमचं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली. गाव उठलं तेव्हा सोमाजी खाली बागायतीत आला नाही, वरच्या उतारावर घर बांधून राहिला. भात आणि नाचणी करतो. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, म्हणून तो घोडेगावात उतरून लुगडं घेऊन आला होता. ते छातीशी धरून तो माझ्या खाटेजवळ उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "तू बोलतीस व्हय?"

"बोलतेय."

"जीपवाला भाईर बसलाय. इचारतोय किती येळ लागंल. काय सांगू त्याला?"

बाहेर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सोमाजी खाटेच्या कडेला बसला. कागदातून लुगडं काढून त्याने माझ्या पायाशी ठेवलं. जांभळं, बारीक काठाचं.

"ह्ये माघारी न्यायचं न्हाई म्हणत्यात. नेसून टाक तू."

मी पुढच्या आठवड्यात ते रोजच्या वापराला काढलं. कापड चांगलं होतं.

आता राकेशबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

राकेश माझा एकुलता मुलगा. न्यूझीलंडला दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात मोठ्या कामावर आहे. तिकडे आपल्या पावसाळ्यात कडाक्याची थंडी असते, गायी आटतात, कारखाना थंड असतो, तेव्हा त्याला सुट्टी मिळू शकते. आपल्या दिवाळीत तिकडे वसंत, दुधाचा नुसता लोंढा. त्यामुळे तिकडे गेल्यापासून त्याने घरची दिवाळी पाहिलेली नाही.

काही वर्षांपूर्वी त्याने विमान कंपनीचं एक कार्ड घेतलं. त्याने मला फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. त्या कार्डावर तिकीट काढलं की विमानतळावर बसायला वेगळी खोली मिळते, एक बॅग जास्त नेता येते, आणि मुख्य म्हणजे तारीख कितीही वेळा बदला, दंड नाही. रद्द केलं तरी पैसे बुडत नाहीत, पुढच्या तिकिटाला लागतात.

"आता टेन्शनच नाही, आई," तो म्हणाला होता. "आधी कसं, तिकीट काढायचं म्हणजे छातीत धडधड. आता कधीही काढून ठेवायचं."

मलाही बरं वाटलं होतं. मी मंगलला सांगितलं, शेजारी सांगितलं. माझ्या मुलाला तारीख फुकट बदलून मिळते, याचा मला थोडा गर्वच होता.

तेव्हापासून तो तिकीट काढू लागला, वारंवार. पहिल्यांदा त्याच्या मुलीची शाळा आडवी आली. मग कारखान्यात काही बिघडलं. मग त्याच्या बायकोला, वृषालीला, नवी नोकरी लागली. "बदललंय, आई, रद्द नाही केलेलं," तो दर वेळी सांगायचा. पहिल्यांदा मंगलने गाद्यांना ऊन दिलं होतं. दुसऱ्यांदाही दिलं. त्यानंतर ती म्हणाली, "आत्या, भावजी तिकडनं निघालं की मग देऊ का ऊन?" त्यात टोमणा नव्हता. गाद्या जड आहेत आणि तिची कंबर दुखते.

माझे सासरे गेले तेव्हा माझे यजमान, तुळशीदास, कुकडीच्या कालव्याच्या कामावर लांब होते. निरोप्या सायकलवर गेला. सासऱ्यांना कडुलिंबाच्या पाल्यावर ठेवलं आणि सगळं गाव ओट्यावर बसून राहिलं. तुळशीदास निघालेत का, कुठवर आलेत, मुळात निरोप पोचला का, कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनच थांबले. ते दुसऱ्या दिवशी खडीच्या ट्रकमधून उतरले, तोवर कुणी घरी गेलं नव्हतं. आता कोण कुठे आहे आणि किती वाजता पोचेल हे सगळ्यांना मिनिटात कळतं. पोचणार नाही हेही कळतं. मग थांबायचं कशाला?

मी दवाखान्यात गेले तेव्हा राकेशने लगेच तिकीट अलीकडे घेतलं होतं. परवा पोचतो म्हणाला होता. हे मला माहीत होतं. ग्लानीत जायच्या आधी दादाभाऊने माझ्या कानाशी सांगितलं होतं, "काकू, राकेश परवा येतोय." मी ते धरून होते. दुसरं धरायला माझ्याकडे काही नव्हतं.

पावणे पांगल्यावर मोहित आत आला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याने पहिली बातमी पुसून टाकली होती, पण ती केव्हाच गावोगाव गेली होती. मग त्याने त्याच फोटोखाली 'आजींची प्रकृती आता स्थिर आहे' असं टाकलं. त्यावरही लोक न वाचता हात जोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहीत होते.

"राकेशकाकाचा व्हिडिओ कॉल आलाय," तो म्हणाला आणि त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला.

पडद्यावर एक तुळतुळीत डोक्याचा माणूस होता. मला क्षणभर तुळशीदासच दिसले, सासऱ्यांच्या दहाव्याला घाटावर बसलेले. मग तो "आई" म्हणाला.

"डोकं कुणी केलं रे?" मी विचारलं.

तो नाक, डोळे, सगळं पुसत होता. "मीच केलं. ट्रिमरने. मागचं वृषालीने केलं."

मंगल माझ्या मागून म्हणाली, "भावजी, दहाव्याला करायचं असतंय ते."

"मला कुठे काय कळत होतं, वहिनी? अग्नी द्यायला पोचणार नव्हतो. म्हटलं एवढं तरी करावं."

एका जागी कातडी कापली होती, कानाच्या वर. रक्त सुकलं होतं. मला रडू यायला हवं होतं. पोराने माझ्यासाठी डोकं भादरलं होतं, एकट्याने, परक्या मुलखात, न्हाणीघरात उभं राहून. मी त्या कापलेल्या जागेकडे बघत राहिले.

"हळद लाव त्याला," मी म्हटलं.

"लावतो."

"परवा येतोयस ना?"

तो डोळे पुसायचा थांबला. "परवाचं तिकीट बदललं मी, आई. मोहितला कसाबसा फोन लागला, तो म्हणाला चारची वेळ दिलीय. मग परवा येऊन काय करणार होतो? म्हणून दहाव्याचं करून टाकलं. म्हटलं एकदाच येऊ, दहावं-तेरावं सगळं नीट करूनच परत निघू."

"लगेच झालं?"

"हो. कार्ड आहे ना. दोन मिनिटांत झालं."

मोहितने मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. राकेशच्या काही लक्षात आलं नव्हतं. तो जे खरं होतं ते सांगत होता, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" त्याने विचारलं.

दादाभाऊ दारातून म्हणाला, "आत्ताच येऊन गेलं. छाती मोकळी व्हायला लागलीय म्हणत्यात. औषध उशिरा लागू पडलं."

"म्हणजे आता घाई नाही," राकेश म्हणाला. त्याला फार हायसं वाटलं होतं. "मग आई, असं करू. तू जरा उभी राहा, हिंडाफिरायला लाग. मी निवांत..."

बोलता बोलता त्याची नजर पडद्याच्या कडेला गेली. तो दुसरं काहीतरी बघत होता. ती नजर मला पाठ आहे. तो तारखा बघत होता.

"राकेश," मी म्हटलं. "ते दहाव्याचंच राहू दे."

"अगं आई, काय बोलतेस!"

"त्या दिवशी तू नक्की येणार होतास ना?"

"हो."

"ते बदललं नसतंस?"

"नसतं."

"मग तेच राहू दे."

मी रागाने म्हणाले नाही. त्याने आजवर मला जेवढ्या तारखा दिल्या त्यांतली ही एकच अशी होती, की कारखान्याला आग लागली असती तरी त्याने ती हलवली नसती. घाटावर लोक बसलेले असते, महाराज प्रवचनाला उभे असते, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली असती. अशा दिवशी मुलगा नाही, हे आमच्याकडे होत नाही. मला तो दिवस हवा होता. दुसरा कुठलाही दिवस मागितला असता तर तो मला मिळाला नसता.

मंगलला हे पटलं नाही. मला पेज भरवताना तिने विषय काढलाच.

"आत्या, असल्या दिशी जित्या माणसाला भेटाया कुणी येतं का? एक दिस मागं-फुडं सांगा भावजींना."

"मागे-पुढे म्हटलं की तो पुढेच जातो."

"लोकं काय म्हणतील?"

"लोक हार घेऊन येऊन गेले, मंगल. अजून काय म्हणायचं राहिलंय?"

तिने चमचा पुढे केला. "तोंड उघडा," एवढंच म्हणाली.

मी हळूहळू उठून बसायला लागले, मग काठी घेऊन शेडपर्यंत जायला लागले. रस्त्याने जाणारे थबकून बघायचे. कोंडाबाई, आमची शेजारीण, रोज येऊन माझ्या हाताला हात लावून जायची. "लई दिस जगायचीस तू आता," म्हणायची. मी हो म्हणायचे.

फोन वाजला की मंगल हातातलं काम थांबवायची. "आई, एक सांगायचं होतं," अशी सुरुवात होते का, ते आम्ही दोघी ऐकायचो. एकदा झाली तशी सुरुवात. मी पदराने चष्मा पुसत होते, तो तसाच हातात धरला.

"कारखाना लवकर सुरू करतायत," राकेश म्हणाला. "सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. माझी नाही केली."

"का?"

"त्या दिवशीच मी ऑफिसात कळवलं होतं ना... तू गेलीस म्हणून. त्यांनी फुलं पाठवली, सुट्टी दिली. नंतर मी सांगणार होतो की तसं नव्हतं. पण सांगितलं तर सुट्टी जाईल."

"म्हणजे तिकडे मी अजून गेलेलीच आहे."

"आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. परत आल्यावर मी सांगतो त्यांना."

"सांगू नकोस," मी म्हटलं. "असू दे."

मंगलने कपाळाला हात लावला. मी चष्मा पुसून डोळ्यांवर घातला. मला वाईट वाटलेलं नव्हतं. आई आजारी आहे, म्हातारी आहे, वाट बघतेय, या कशाने सुटलं नसतं ते या एका गोष्टीने सुटलं होतं. मग ती गोष्ट आपण कशाला मोडायची?

आणि तो आला.

मोहित गाडी घेऊन मुंबईला आणायला गेला होता. सकाळी गाडी दारात उभी राहिली. मंगलने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. राकेशच्या डोक्यावर बारीक केस उगवले होते, त्यांतले निम्मे पांढरे. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. तो माझ्या पाया पडला आणि तसाच खाली बसून राहिला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून.

आखाड सरत आला होता. मंगलने हट्टाने मटण केलं, दहाव्यासारखं काही दिसू नये म्हणून. भाकऱ्या, कांदा, लाल रस्सा. राकेश घाम पुसत जेवला. दादाभाऊ म्हणाला, "हाण लेका. एरवी आज लापशी पडली असती पानात." मंगल त्याच्यावर जोरात ओरडली. मग सगळेच हसले, राकेशही. मी हसले की नाही ते मला आठवत नाही.

जेवल्यावर तो झोपला. दुपारभर झोपला. मी खुर्ची ओढून जवळ बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, तो असा घरात झोपलेला असेल आणि मी जवळ बसलेली असेन, तर मला किती काय काय वाटेल. त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजत होती. बाहेर कोंबड्या पत्र्यावर चढत होत्या. मी त्याच्या पायांवर चादर ओढली आणि पुन्हा बसले.

उठल्यावर त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काय रे?"

"त्या दिवशी मी फार रडलो गं, आई," तो म्हणाला. "कधी रडलो नव्हतो इतका. गाडीत वाटलं, तुला बघितल्यावर पुन्हा रडू येईल. पण येतच नाही. माझं मलाच कसंतरी वाटतंय."

"मलाही येत नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. आमचं दोघांचं एका गोष्टीवर जमलं, असं वाटलं.

तो तेराव्यापर्यंत राहिला, म्हणजे जे तेरावं असतं त्या दिवसापर्यंत. सोमाजीकडे जाऊन आला. मोहितला त्याने एक शब्दही बोलून दाखवला नाही, उलट दुकानात जाऊन बसायचा. निघायच्या दिवशी सामान भरून झाल्यावर तो माझ्या खाटेवर येऊन बसला, मोबाईल घेऊन.

"दिवाळीचं काढून ठेवतो आत्ताच," तो म्हणाला. "मग बघू."

"बघू नको," मी म्हटलं. "बदलता येत नाही असं तिकीट मिळत नाही का रे?"

"मिळतं की. स्वस्त असतं."

"मग ते काढ."

तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. मोबाईल त्याने मांडीवर पालथा ठेवला.

"खरं सांगू, आई? तसलं तिकीट असतं तर मी काढलंच नसतं. दिवाळीत तिकडे दूध मावत नाही, मला सोडतील की नाही मला खरंच माहीत नाही. बदलता येतं म्हणून निदान काढतो तरी. नाहीतर मनातसुद्धा आणलं नसतं."

हे मला सुचलं नव्हतं. कार्ड नव्हतं तेव्हा तो तारखा देत नव्हता, हे खरं होतं. तेव्हा मी वाटही बघत नव्हते.

"बरं," मी म्हटलं. "काढ."

"कधीचं?"

"वसुबारसेचं."

त्याने मोबाईलवर शोधून वसुबारस कधी आहे ते पाहिलं. मग त्याची बोटं भराभर चालली. त्याला सगळं पाठ होतं.

"झालं," तो म्हणाला. "सकाळी मुंबई, जेवायला इथे."

"राकेश."

"हं?"

"बदललंस तर फोन करून सांगू नकोस."

"का गं?"

"त्या दिवशी आला नाहीस की कळेल मला."

बाहेर मोहितने गाडी सुरू केली होती आणि मंगल डब्याची पिशवी आडवी ठेवू नकोस म्हणून त्याला ओरडून सांगत होती.

"बरं," राकेश म्हणाला. मोबाईल खिशात टाकून त्याने बॅग उचलली.